‘बरे झाले’ म्हणजे काय?
तीव्र कुपोषित बालकांवरील गावपातळीवरच्या उपचारांचा आणि त्यांच्या मूल्यमापनाचा इतिहास



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय येथे जमलेल्या अनेकांना आठवत असेल. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी एखादे मूल भोवळ येऊन खाली बसले, तर बाई त्याला काही विचारीत नसत. कार्यालयातील डब्यातून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाकडे पुन्हा लक्ष ठेवीत. या ‘दुसऱ्या दिवशी’विषयी मला आज बोलावयाचे आहे. उपाशी मुलाला खाऊ घालण्याची प्रेरणा सार्वत्रिक आहे. खाऊ घातल्यानंतर त्या मुलाचे पुढे काय झाले, हे पाहण्याची शिस्त मात्र दुर्मिळ आहे.

मी आयुष्यभर मराठी भाषा आणि साहित्य शिकविले. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही हा विषय निवडण्यास एक कारण घडले. ते मी पुढे यथावकाश सांगेन. त्याचा संबंध एका मराठी शब्दाशी आहे, म्हणून भाषेच्या अध्यापकाने त्यावर बोलणे अगदीच अस्थानी ठरू नये.

शब्दांची साक्ष

आपल्या भाषेत अंगाने भरू लागलेल्या तान्ह्या मुलासाठी एक सुंदर वाक्प्रचार आहे : मूल ‘बाळसे धरते’. वजनकाटा घरोघरी पोहोचण्यापूर्वी आजीचा हात आणि डोळा हेच मोजमाप होते, आणि ‘बाळसे’ हे त्या मोजमापाचे नाव होते. याउलट, न भरणाऱ्या देहासाठीचे आपले शब्द पाहा. ‘पाप्याचे पितर’ असे आपण सहज म्हणून जातो. भुकेने वाळलेल्या देहाचा संबंध पापाशी जोडणारा हा वाक्प्रचार आपल्या समाजाच्या वृत्तीवर बोट ठेवतो. दोष अन्नात नसून नशिबात आहे, दृष्टीत आहे, किंवा पूर्वकर्मात आहे, अशी ती समजूत होय. मेळघाटातील कोरकू वस्त्यांत आजारी बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा अशाच समजुतीतून जगली.

शालेय पाठ्यपुस्तकांनी पुढे दोन शब्द रूढ केले : ‘सुकटी’ आणि ‘सुजवटी’. पहिल्यात मूल सुकते, कातडी हाडांवर लोंबते, आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो. दुसऱ्यात पायांवर, कधी चेहऱ्यावरही सूज येते, त्यामुळे मूल वरवर भरल्यासारखे वाटते. या दुसऱ्या विकाराचे जागतिक नाव ‘क्वाशिओरकर’. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करीत असता १९३३ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली तेथील गा भाषेतला हा शब्द वैद्यकात आणला. पाठचे भावंड जन्मल्यावर दुधावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय आहे. रोगाचे कारण त्या मातांच्या भाषेने शास्त्रज्ञांच्या आधी नोंदवून ठेवले होते. विल्यम्सबाईंचे मोठेपण हे की, त्यांनी मातांना विचारले आणि त्यांचा शब्द तसाच ठेवला.

सुजवटीची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. उपचार लागू पडला की या मुलाची सूज उतरते, आणि आरंभी त्याचे वजन कमी होते. केवळ वजनाचा तक्ता पाहणाऱ्याला सुधारणारे मूल बिघडत असल्यासारखे दिसते. मूल्यमापनातला पहिला धडा येथेच मिळतो : आकडा खरा असूनही अर्थ खोटा असू शकतो.

रुग्णालयाकडून घराकडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीव्र कुपोषणाचा उपचार म्हणजे रुग्णालय, असेच समीकरण होते. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. तीव्र कुपोषित मुलाला ताप, जुलाब, न्यूमोनिया झाला असेल, ते सुस्तावले असेल, किंवा अन्नच नाकारीत असेल, तर त्याला आजही दाखल करावेच लागते. अशा मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. साखर, शरीराचे तापमान आणि क्षार यांचा तोल आधी सांभाळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत हा उपचार दहा पायऱ्यांत बांधून दिला आहे.

परंतु रुग्णालयाची वाट प्रत्येक आईसाठी मोकळी नसते. घरी आणखी दोन मुले, शेतावरची मजुरी, आणि सर्वांत जवळचे रुग्णालय एका दिवसाच्या अंतरावर, अशी स्थिती असता चौदा दिवस खाटेशेजारी बसणे हा औषधाहून महाग उपचार ठरतो. शिवाय मूल बरे होऊन घरी परतते ते त्याच चुलीशी आणि त्याच रिकाम्या मडक्याशी.

ही अडचण ओळखून मुलावर त्याच्या घरीच उपचार करण्याचा विचार महाराष्ट्रात फार लवकर झाला, याची जाण आपल्याला फारशी नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या भागात, डॉ. पी. एम. शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात हे काम उभे केले. प्रथम पालघर परिसरात आणि नंतर डहाणू तालुक्यातील कासा येथे त्यांनी काही साध्या गोष्टी सिद्ध केल्या. गावातलीच अर्धवेळ कार्यकर्ती नेमावी. तिने प्रत्येक बालकाचे वजन पत्रिकेवर नोंदवावे. ज्यांना धोका अधिक आहे अशी मुले वेगळी ओळखावीत. सर्वांवर सारखी शक्ती खर्च करण्याऐवजी त्या थोड्या मुलांच्या घरी वारंवार जावे, आणि घरातल्याच अन्नातून त्यांना सावरावे.

त्याच सुमारास, १९७०मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रिया तेथे ग्राम आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्यूचा दर १९९०च्या दशकाच्या आरंभी विसाच्या आत आला. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

येथे एक प्रश्न विचारावाच लागतो. या काळात साऱ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू घटत होते. रस्ते आले, लसी आल्या, विहिरींना पाणी आले. मग जामखेडच्या यशातला किती वाटा प्रकल्पाचा, आणि किती काळाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. प्रकल्पातील गावे आणि शेजारची इतर गावे यांची त्यात तुलना केली होती. इतर कारणे वजा जाता प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला, आणि हा लाभ मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरच्या वयात दिसला. १७६वरून विसाच्या आत, या आकड्यापुढे ३० टक्के हा आकडा लहान वाटेल. माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे, कारण त्यात काळाचे श्रेय काळाला आणि माणसांचे श्रेय माणसांना दिलेले आहे.

वही आणि वस्तुस्थिती

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आरंभीच्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातील धारणीचा समावेश होता. अंगणवाडी हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलीत रुजला. छताला टांगलेला वजनकाटा, त्याला लोंबणारी झोळी, झोळीत रडणारे मूल आणि हातात तक्ता घेतलेली ताई, हे दृश्य खेडोपाडी परिचित झाले. मुलांची विभागणी श्रेणींत होऊ लागली, आणि ‘श्रेणी तीन-चार’ हा शब्दप्रयोग शासकीय मराठीत तीव्र कुपोषणाचा पर्याय बनला.

असे असूनही १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यू वृत्तपत्रांत आणि उच्च न्यायालयात गाजले. ज्या धारणीत योजना अठरा वर्षे चालू होती, त्याच परिसरात हे घडावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. वजने होत होती, तक्ते भरले जात होते, अहवाल वर जात होते. परंतु मूल मेले की ते तक्त्यातून नाहीसे होई. राहिलेल्या मुलांच्या वजनाची सरासरी त्यामुळे थोडी सुधारेच. मृत मूल कोणत्याही सरासरीत रडत नाही. म्हणून मृत्यूंची वेगळी आणि प्रामाणिक मोजणी नसेल, तर उपचाराच्या यशाचा प्रत्येक दावा संशयास्पद ठरतो.

ही मोजणी कशी करावी, याचा वस्तुपाठ गडचिरोलीने दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. प्रयोगापूर्वीची स्थिती आधी मोजून ठेवली. जन्म-मृत्यूंची नोंद एका माणसावर न सोपविता ती घरोघर फिरून पडताळली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूचा दर हजारी ६२वरून सुमारे २५वर आला. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा प्रयोग तीव्र कुपोषणाचा नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण गावातली बाई उपचार करू शकते, आणि ती करू शकते हे सिद्धही करता येते, ही दोन्ही विधाने त्याने एकत्र उभी केली. त्यापाठोपाठ २००१ साली अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. शासकीय नोंदींत येणारे बालमृत्यू प्रत्यक्षातील मृत्यूंपेक्षा किती तरी कमी आहेत, हे त्याने दाखविले. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. ‘मूल्यमापन’ हा आम्हा प्राध्यापकांचा उत्तरपत्रिकांपुरता शब्द त्या दिवसापासून मला जड वाटू लागला.

जगातील वळण

याच काळात जगातही या उपचाराने वळण घेतले. आंद्रे ब्रियां या फ्रेंच आहारतज्ज्ञाने आणि मिशेल लेस्कान यांनी १९९६च्या सुमारास शेंगदाण्याचा कूट, दूधभुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचे एक घट्ट मिश्रण सिद्ध केले. त्यात पाणी जवळजवळ नसल्यामुळे जंतू वाढत नाहीत, ते शिजवावे लागत नाही, आणि गढूळ पाण्यात कालवावेही लागत नाही. बाईंच्या डब्यातील दाणे-गूळ आपल्याला येथे आठवले, तर नवल नाही. फरक आहे तो मोजून घातलेल्या दुधाचा आणि क्षारांचा, आणि त्या फरकावरच मुलाचे सावरणे अवलंबून असते. स्टीव्ह कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथिओपियात २०००नंतर, व पुढे मलावीत, हे अन्न घरी देऊन उपचार करण्याची पद्धत बसविली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी संयुक्त निवेदनाद्वारे तिला मान्यता दिली.

या पद्धतीचे तत्त्व असे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषित समजावे. त्यातील ज्यांना भूक आहे आणि दुसरा आजार नाही, त्यांच्यावर घरी उपचार करावा. अशांचेच प्रमाण बहुसंख्य असते. उरलेल्यांना दाखल करावे. यशाचे मानदंडही ठरले : बरे होणारे ७५ टक्क्यांहून अधिक, मृत्यू १० टक्क्यांहून कमी, आणि उपचार मध्येच सोडणारे १५ टक्क्यांहून कमी.

महाराष्ट्रानेही या दिशेने स्वतःची वाट काढली. २००५ साली तेव्हाच्या औरंगाबाद येथे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. पुढे अंगणवाडीत तीस दिवसांचे ग्राम बाल विकास केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्रात एकवीस दिवसांचे बाल उपचार केंद्र, आणि मोठ्या रुग्णालयात चौदा दिवसांचे पोषण पुनर्वसन केंद्र, अशी चढती रचना झाली. २०१२ साली झालेल्या सर्वेक्षणात दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २३ टक्के आढळले. ते २००५-०६मध्ये ३९ टक्के होते. त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु खुजेपणा ही दीर्घकालीन उपासमारीची खूण, तर लुकडेपणा ही तत्कालीन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात उंचीच्या मानाने अतितीव्र कमी वजन असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २००५-०६मध्ये ५.२ टक्के, २०१५-१६मध्ये ९.४ टक्के, आणि २०१९-२१मध्ये १०.९ टक्के होते. एका मापाने आपण जिंकलो, दुसऱ्याने हरलो. कोणते माप पुढे करावयाचे, हे ठरविणाऱ्याच्या हाती यशापयशाचा निवाडा जातो. म्हणून मूल्यमापनाचे माप कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच ठरावे आणि नंतर बदलू नये.

मोजणीतील चकवे

आता मूल्यमापनातील काही चकवे थोडक्यात सांगतो.

पहिला चकवा ऋतूचा. आदिवासी भागात श्रावण-भाद्रपद हे सर्वांत कठीण महिने. जुने धान्य संपलेले, नवे यावयाचे, जुलाब आणि हिवताप यांचा जोर, आणि आई दिवसभर शेतात. या वेळी उपचार सुरू करून मार्गशीर्षात वजन केले, तर ते वाढलेलेच असते. त्यातले किती उपचाराने आणि किती नव्या धान्याने, हे तुलनेच्या गावावाचून कळत नाही.

दुसरा चकवा गैरहजेरीचा. दिवाळीनंतर कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीच्या सुमारास परततात. तीस दिवसांच्या उपचारातून दहाव्या दिवशी निघून गेलेले मूल ‘बरे झालेले’ नाही आणि ‘मेलेले’ही नाही. बिहारमधील दरभंगा जिल्ह्यात ‘मेदसां सां फ्रंतिए’ या संस्थेने २००९ ते २०११ या काळात आठ हजारांहून अधिक मुलांवर गावपातळीवर उपचार केले. उपचार पूर्ण करणाऱ्यांत बहुसंख्य मुले सावरली, पण मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. टक्केवारी काढताना छेदात कोण, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

तिसरा चकवा व्याप्तीचा. समजा, एका तालुक्यात शंभर तीव्र कुपोषित मुले आहेत. कार्यक्रमात चाळीसच आली, आणि त्यांतील तीस बरी झाली. कार्यक्रम म्हणेल, यश ७५ टक्के. तालुका म्हणेल, शंभरातली सत्तर मुले तशीच राहिली. दोघेही खरेच बोलतात. पण उत्तरदायित्व तालुक्याच्या बाजूने आहे, आणि न आलेली साठ मुले बहुधा सर्वांत दूरच्या पाड्यावरची असतात.

चौथा चकवा परतीचा. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडू येथे तयार उपचारात्मक अन्न आणि पूरक घरगुती अन्न यांची तुलना करणारा प्रयोग झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत स्थानिक पातळीवर तयार केलेल्या अन्नाने ५७ टक्के, तर पूरक घरगुती अन्नाने सुमारे ४३ टक्के मुले सावरली. उपचार थांबल्यावर चार महिन्यांनी पाहता मात्र सावरलेल्या स्थितीत टिकलेली मुले फार थोडी होती. पाकीट की पोळी, हा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगला. २०१७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाकिटातील अन्नाच्या विरोधात राज्यांना कळविले. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे, पण तो ज्या जागी थांबतो तेथून खरा प्रश्न सुरू होतो : पाकीट संपल्यावर घरात काय आहे?

मुंबईतील धारावीचे उदाहरण येथे आश्वासक वाटते. ‘स्नेहा’ या संस्थेने अंगणवाडी यंत्रणेबरोबर २०११नंतर तेथे घरोघर जाऊन मुले शोधण्याचा, उपचाराचा आणि पुन्हा पुन्हा भेटी देण्याचा कार्यक्रम राबविला. शीव रुग्णालयात तयार झालेले शेंगदाण्याचे उपचारात्मक अन्नही त्या परिसरात वापरले गेले. मूल्यमापनात साऱ्या वस्तीतील लहान मुलांची पाहणी झाली. उंचीच्या मानाने कमी वजन असलेल्यांचे प्रमाण तेथे १८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले, आणि तुलनेच्या वस्त्यांत तशी घट दिसली नाही. कार्यक्रमात आलेल्यांनाच न मोजता साऱ्या वस्तीला मोजले, यात या मूल्यमापनाचे सचोटीपण आहे.

एका शब्दाचा हिशेब

आता आरंभी राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. निवृत्तीच्या आसपास एका संस्थेने मला एक प्रश्नावली मराठीत तपासून देण्यास सांगितले. बैतूल आणि अमरावती यांच्या सीमेवरील काही गावांत कुपोषित मुलांवर उपचार झाले होते, आणि त्यांच्या परिणामाची पाहणी व्हावयाची होती. मूळ प्रश्नाचा आशय असा होता की, मूल उपचाराने पूर्ववत झाले काय. मी सुटसुटीत मराठी केले : ‘आता मूल बरे आहे का?’ भाषांतर ओघवते झाले म्हणून मला समाधान वाटले. कुतूहलाने मी पाहणीच्या वेळी दोन दिवस सोबतही गेलो.

प्रत्येक आईचे उत्तर एकच येई : “बरं हाय जी.” प्रश्न विचारणारा मुलगा ‘होय’वर खूण करी. दुसऱ्या दिवशी दुपारी एका झोपडीत मी त्या मुलीकडे पाहिले. ती कुडाला टेकून बसली होती, माशा उडवीत नव्हती. आई म्हणाली, “बरं हाय जी.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की, आपल्या भाषेत ‘बरे’ हा आरोग्याचा शब्द होण्याआधी शिष्टाचाराचा शब्द आहे. आपणही भेटीगाठीत “बरे आहे” म्हणतो, ते ताप मोजून नव्हे. दारी आलेल्या परक्या माणसाला त्या माऊलीने शिष्टाचाराचे उत्तर दिले होते, आणि आम्ही ते वैद्यकीय उत्तर म्हणून लिहून घेत होतो.

मी संध्याकाळी हे सांगितले. प्रश्नावल्या छापून झाल्या आहेत, असे उत्तर मिळाले. मी प्राध्यापक होतो, डॉक्टर नव्हतो, म्हणून गप्प बसलो. पुढच्या वर्षी त्या बाजूला पुन्हा जाणे झाले, तेव्हा कळले की ती मुलगी पावसाळ्यात गेली. पाहणीच्या कागदांत ती बरी झालेल्यांत मोजली गेली होती, आणि तेथे ती आजही बरीच असेल. ज्या शब्दाने ती बरी ठरली, तो शब्द मी निवडला होता. शुद्धलेखनाच्या एकेका चुकीसाठी मी विद्यार्थ्यांचे गुण कापले आहेत. त्या एका शब्दासाठी माझे किती कापावेत, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

तो प्रश्न कसा हवा होता? ‘काल सकाळपासून मुलाने काय काय खाल्ले?’ ‘ते स्वतः उठून खेळते का?’ आणि त्याबरोबर दंडाची पट्टी. शिष्टाचाराने देता येणार नाही असे उत्तर मागणारा प्रश्नच खरा प्रश्न होय.

आपल्या अंगणात

हा इतिहास केवळ मेळघाटचा किंवा गडचिरोलीचा नव्हे. भेलच्या निमित्ताने या शहरात आलेल्या मराठी कुटुंबांना सातपुडा ही दूरची गोष्ट वाटू लागली असेल. पण त्याच सातपुड्याची उत्तर बाजू आपल्या राज्यात आहे. मध्य प्रदेशात २००५-०६च्या पाहणीत पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी आढळली होती. २०१९-२१च्या पाहणीत हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास आले. ही घट लहान नाही. या काळात राज्यात पोषण पुनर्वसन केंद्रांचे मोठे जाळे उभे राहिले, आणि २०२०मध्ये गावपातळीवर उपचार करणारा मुख्यमंत्री बाल आरोग्य संवर्धन कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्र शासनाने कुपोषित बालकांच्या व्यवस्थापनाची देशव्यापी नियमावली प्रसिद्ध केली. भुकेची चाचणी घेऊन कोणते मूल घरी आणि कोणते रुग्णालयात, हे तीत ठरवून दिले आहे. कासा येथे जे साध्या वजनपत्रिकेवर सुरू झाले, ते जवळजवळ पन्नास वर्षांनी राष्ट्रीय नियम झाले. मात्र १९ टक्के म्हणजे पाचांतले जवळजवळ एक मूल, हेही विसरता येणार नाही.

तात्पर्य इतकेच. गावात, घरात, आईच्या हातून होणारा उपचार शक्य आहे, हे इतिहासाने दाखविले. तो यशस्वी झाला असे म्हणण्याचा अधिकार मात्र पाच प्रश्नांच्या उत्तरांतून मिळवावा लागतो. आरंभी स्थिती काय होती? न आलेली मुले किती? सोडून गेलेली कोठे गेली? मेलेली मोजली काय? आणि सहा महिन्यांनी, पुढच्या पावसाळ्यात, बरे झालेल्यांचे काय झाले? या पाचांतला शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, कारण तोवर अहवाल छापून झालेला असतो.

आपल्यापैकी कोणी डॉक्टर झाले असतील, कोणी शासकीय सेवेत, कोणी संस्थांचे विश्वस्त. कोणाच्या ना कोणाच्या सहीसाठी असा एखादा अहवाल टेबलावर येईल. त्यात ‘बरे झाले’ हे दोन शब्द दिसले, तर लेखणी क्षणभर थांबवावी आणि विचारावे : कोणी पाहिले, कधी पाहिले, आणि पुन्हा कधी पाहणार? आमच्या बाई डबा बंद करताना त्या मुलाचे नाव लक्षात ठेवीत, आणि दुसऱ्या दिवशी रांगेत प्रथम त्यालाच शोधीत. त्यांच्या स्मृतीस माझे अभिवादन.